पाळीव कासवाची शीतनिद्रा : झोपेआधीच्या आठवड्यांत काय करावे?

कवचधारी (धागाकर्ता)

पाळीव कासवांच्या शीतनिद्रेविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न बहुधा पेटीचा असतो. ती केवढी असावी, तिच्यात काय भरावे, पेटीऐवजी फ्रिज चालेल का, असे विचारले जाते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांचा क्रम शेवटचा आहे. झोपेत कासव दगावते तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा झोपण्यापूर्वीच तयार झालेले असते. आतड्यात राहून गेलेले अन्न, कोरडे पडलेले शरीर किंवा उन्हाळ्यात लक्षात न आलेला संसर्ग घेऊन कासव थंडीत जाते, आणि मग पेटी कितीही उत्तम असली तरी तिचा उपयोग होत नाही. म्हणून हा धागा मुख्यतः त्याआधीच्या सहा ते आठ आठवड्यांविषयी आहे.

सर्वांत आधी जातीची खात्री करावी. शीतनिद्रा घेणारी जी जमिनीवरील कासवे सामान्यतः पाळली जातात ती टेस्टुडो या प्रजातीतील आहेत: हर्मन, ग्रीक, मार्जिनेटेड आणि रशियन, ज्याला हॉर्सफील्ड असेही म्हणतात. मात्र याच प्रजातीतले इजिप्शियन कासव शीतनिद्रा घेत नाही, आणि ग्रीक कासवांच्या उत्तर आफ्रिकेकडील काही वंशांची झोप फार थोडी असते किंवा मुळीच नसते. स्टार कासव, आफ्रिकेतील सल्काटा व लेपर्ड, दक्षिण अमेरिकेतील लाल पायांचे कासव ही सर्व उबदार प्रदेशांतली आहेत. ती हिवाळ्यात मंदावली, कोपऱ्यात बसून राहिली, तर ते झोपेचे लक्षण समजू नये. त्यांना थंडी बाधते आहे असा त्याचा अर्थ असतो. आपल्याकडील कासव नेमके कोणते आहे याविषयी जरासुद्धा शंका असेल तर त्या वर्षी त्याला झोपवू नये.

त्यानंतर आरोग्याची तपासणी. ही उन्हाळा सरता सरता करावी, कारण काही आढळले तर उपचाराला आणि त्यातून सावरायला वेळ हाती राहिला पाहिजे. डोळे उघडे, स्वच्छ आणि न सुजलेले असावेत. नाकातून पाणी किंवा बुडबुडे येत असतील तर श्वसनमार्गाचा संसर्ग गृहीत धरावा. तोंड उघडून पाहावे. आत पिवळसर, दह्याच्या गोळ्यासारखा थर दिसला तर तो मुखदाह असतो. डोळ्यांच्या मागे, कानाच्या गोल पडद्यावर फुगवटा आला असेल तर आत पू साचलेला असण्याचा संभव आहे. शेपटीखालचा भाग स्वच्छ आणि कोरडा असावा. मादीच्या पोटात अडकून राहिलेली अंडी बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे ती अस्वस्थपणे जमीन उकरत असेल आणि अंडी घालत नसेल तर क्ष-किरण तपासणी करून घेणे योग्य.

विष्ठेचा ताजा नमुना जंतांसाठी तपासून घ्यावा. जंत आढळल्यास पशुवैद्य बहुधा फेनबेंडाझोल देतात. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे: आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक कुत्र्यांना व गुरांना दिले जात असले तरी कासवांसाठी ते विषारी आहे आणि त्याने कासवे मरतात. घरातल्या दुसऱ्या प्राण्याचे उरलेले औषध अंदाजाने देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

आता उपास. शरीराचे तापमान उतरले की कासवाचे पचन जवळजवळ थांबते आणि आतड्यात उरलेले अन्न तिथेच कुजू लागते. म्हणून झोपेआधी आतडे रिकामे झालेले असले पाहिजे. काही शे ग्रॅम वजनाच्या लहान कासवाला त्यासाठी सुमारे दोन आठवडे पुरतात, किलोभराच्या कासवाला तीन, आणि दोन-तीन किलोच्या मोठ्या कासवाला चार आठवडे लागू शकतात. या काळात अन्न पूर्ण बंद असते, पण ऊब बंद करायची नसते, आणि गफलत बहुतेक वेळा इथेच होते. अन्न थांबवल्यावरही उपासाच्या निम्म्या काळापर्यंत दिवा नेहमीप्रमाणे चालू ठेवावा, कारण शेवटचे खाल्लेले पचून बाहेर पडण्यासाठी उष्णता लागते. अन्न आणि दिवा एकाच दिवशी बंद केले तर उपासाचा काही उपयोग होत नाही. पोट भरलेलेच राहते.

उपास अन्नाचा असतो, पाण्याचा कधीही नसतो. उलट या आठवड्यांत कासवाला रोज किंवा एक दिवसाआड कोमट पाण्याच्या उथळ टबात वीसेक मिनिटे बसवावे. पाण्याची पातळी हनुवटीच्या खाली राहील एवढीच ठेवावी. आंघोळीत कासव पाणी पिते, लघवी करते आणि शौचही करते, म्हणजे एकाच वेळी आतडे मोकळे होते आणि मूत्राशय नव्या पाण्याने भरते. मूत्राशय हाच त्याचा झोपेतला पाण्याचा साठा आहे. त्यातले पाणी शरीरात परत शोषले जाते आणि त्यावर ते कित्येक आठवडे काढते.

उपासाच्या उत्तरार्धात दिव्याचे तास कमी करत न्यावेत, मग दिवा बंद करावा, तापमान पंधरा अंशांच्या आसपास आणावे, शेवटचे काही दिवस दहा ते बारा अंशांवर मंद उजेडात ठेवावे आणि त्यानंतर पाच अंशांकडे न्यावे. येथे आणि पुढे सर्वत्र अंश म्हणजे अंश सेल्सिअस.

पाचोळा

लेख अत्यंत उपयुक्त आहे. दोन शंका आहेत. माझ्याकडे हर्मन जातीचे एक वर्षाचे पिल्लू आहे. एवढ्या लहान जिवाला दोन आठवडे उपाशी ठेवणे मला क्रूर वाटते. शिवाय पहिल्या काही हिवाळ्यांत पिल्लांना झोपवूच नये असे अनेकांकडून ऐकले आहे. त्यात तथ्य आहे का?

कवचधारी

पाचोळा, उपासाविषयीचे तुमचे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते सस्तन प्राण्याच्या मोजमापाने आलेले आहे. आपण आपले शरीर सतत तापवत राहतो आणि खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग त्यातच खर्च होतो. कासवाला तो खर्च नाही. निरोगी कासव यकृतातील साखर आणि चरबी यांच्या साठ्यावर उपास आणि झोप दोन्ही सहज निभावते. दिवस लहान होऊ लागले की बहुतेक कासवे स्वतःहूनच कमी खातात. आपण त्या प्रवृत्तीला शिस्त लावतो, इतकेच.

दुसऱ्या शंकेबाबत दोन मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे. निसर्गात पिल्ले पहिल्याच हिवाळ्यात झोपतात, त्यांना कोणी वगळत नाही. मात्र निसर्गात पहिल्या वर्षी पुष्कळ पिल्ले मरतातही. पाळलेल्या पिल्लाच्या बाबतीत माझे मत असे की ते निरोगी असेल, वजन नियमित वाढत असेल आणि तुमच्याकडे तापमान स्थिर ठेवण्याचे खात्रीचे साधन असेल तर तीन ते चार आठवड्यांची छोटी झोप द्यावी, आणि उपास दहा दिवस ते दोन आठवडे इतकाच ठेवावा. वर्षागणिक झोप वाढवत न्यावी. प्रौढ कासवाला दहा ते बारा आठवडे पुरेसे होतात. सोळा आठवड्यांच्या पलीकडे जाण्याचे पाळलेल्या कासवाला काहीच कारण नसते.

साधन खात्रीचे नसेल तर जागे ठेवणे बरे. एखादा हिवाळा जागे राहिल्याने पिल्लाचे नुकसान होत नाही.

तोलमाप

धागाकर्त्यांनी वजनाचा उल्लेख ओझरता केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वजन हे एका दिवशी करून काही सांगत नाही. वर्षभर, निदान महिन्यातून एकदा, ग्रॅमपर्यंत अचूक असणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करावे आणि ते लिहून ठेवावे. आंघोळीआधी व आंघोळीनंतरच्या वजनात चांगलाच फरक पडतो, कारण भरलेले मूत्राशय जड असते. म्हणून नेहमी एकाच क्रमाने, म्हणजे आंघोळीनंतर अंग पुसून, वजन करण्याची सवय ठेवावी.

पुष्कळ जण जॅक्सन गुणोत्तराचा आधार घेतात. ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्यांनी कवचाची लांबी आणि वजन यांची सांगड घालून एक आलेख तयार केला. अमुक लांबीच्या निरोगी कासवाचे वजन साधारण किती असावे आणि किती कमी असल्यास त्याला झोपवू नये, हे त्यावरून पाहता येते. साधन उपयोगी आहे, परंतु ते ग्रीक आणि हर्मन या दोनच जातींच्या मोजमापांवरून बनले आहे. रशियन कासव अधिक गोल व बसके असते, मार्जिनेटेडचे कवच मागे घंटेसारखे पसरते, त्यामुळे या दोघांना तो आलेख लावला तर निष्कर्ष चुकतो. शिवाय आलेखाला वजन कशाचे आहे हे कळत नाही. मूत्राशयातला खडा, अडकलेली अंडी किंवा शरीरात साचलेले पाणी हेही वजनच असते. लांबी मोजताना कवचाच्या वळणावरून टेप फिरवू नये. कासव दोन उभ्या फळ्यांच्या मधे ठेवून फळ्यांमधले सरळ अंतर मोजावे.

झोपेतल्या वजनाचा ढोबळ नियम असा की दर महिन्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून अधिक घट होऊ नये. बाराशे ग्रॅमच्या कासवाची महिन्याला बारा ग्रॅम घट चालेल. अडीच महिन्यांत तीस ग्रॅम गेले तर काळजीचे कारण नाही. घट याहून वेगाने होत असेल तर आठवड्याऐवजी दोन-तीन दिवसांनी वजन करावे. आणि एकूण घट दहा टक्क्यांच्या दिशेने जाऊ लागली तर आकडा गाठण्याची वाट न पाहता उठवावे.

वजन करण्यासाठी पेटी उघडली तर झोपमोड होईल, ही भीती अनाठायी आहे. पाच अंशांवरचे कासव मिनिटभर काट्यावर ठेवल्याने जागे होत नाही. पाय किंचित हलले, तर ते चांगले लक्षण समजावे.

शिशिर

फ्रिजविषयी लिहितो, कारण फ्रिज म्हटल्यावर नवीन माणूस दचकतो. प्रत्यक्षात, ज्याला तापमानावर ताबा हवा आहे त्याच्यासाठी याहून भरवशाचे घरगुती साधन नाही. उद्दिष्ट पाच अंशांचे. तीन ते सात या पट्ट्यात थोडे वरखाली चालते. शून्याखाली गेल्यास डोळ्यांना व मेंदूला इजा होते आणि जे कासव वाचते ते आंधळे होऊ शकते. दहाच्या वर गेल्यास ते अर्धवट जागे होऊन साठवलेली शक्ती जाळू लागते.

फ्रिज कासवासाठी वेगळा असावा. स्वयंपाकघरातल्या चालू फ्रिजचे दार दिवसातून अनेकदा उघडते आणि तापमान सतत बदलते. शिवाय कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे खाद्यपदार्थांच्या शेजारी त्याला ठेवणे योग्य नाही. बर्फाचा कप्पा नसलेला साधा फ्रिज उत्तम. आत पंखा असलेल्या, दव न धरणाऱ्या फ्रिजमध्ये हवा कोरडी पडते, तिथे वजनावर अधिक लक्ष ठेवावे लागते.

फ्रिज किमान दोन-तीन आठवडे आधी चालू करून, पाण्याने भरलेल्या बाटल्या आत ठेवून तपासावा. बाटल्या दोन कामे करतात. दार उघडल्यावर त्या तापमान सावरून धरतात आणि वीज गेली तर बराच वेळ थंडावा टिकवतात. फ्रिजच्या दर्शनी आकड्यावर विसंबू नये. वरच्या व खालच्या फळीत काही अंशांचा फरक असू शकतो, म्हणून किमान व कमाल तापमान नोंदवणाऱ्या थर्मामीटरचा प्रोब पेटीच्या आत, कासवाशेजारी ठेवावा. कासवाला मागच्या थंड भिंतीला चिकटून ठेवू नये.

ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे फ्रिज फक्त थंड करू शकतो, गरम करू शकत नाही. तो कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या गॅरेजमध्ये ठेवला आणि तिथली हवाच गोठणबिंदूखाली गेली, तर आतले तापमानही तिच्यामागे उतरत जाते. फ्रिज घरातच, मध्यम तापमानाच्या खोलीत असावा.

हवेचा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाच अंशांवर कासवाची प्राणवायूची गरज अत्यल्प असते. दिवसातून एकदा दार उघडून काही वेळ वारा घातला की भागते. पेटीला भोके मात्र असावीत.

भुईघर

शिशिर यांच्याशी बराचसा सहमत आहे, तरीही पेटीची पद्धत अगदीच मोडीत काढू नये असे वाटते. जिथे न तापवलेली, पण न गोठणारी एखादी खोली उपलब्ध आहे आणि हिवाळा एकसारखा थंड असतो, तिथे पेटी उत्तम चालते. एक लहान पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत ठेवावी आणि दोहोंमधली जागा थर्माकोल किंवा कागदाच्या कापट्यांनी सर्व बाजूंनी भरावी. आतली पेटी कासवाला वळता येईल एवढीच असावी. फार मोठी असेल तर ते चालत जाऊन बाहेरच्या भिंतीला चिकटते आणि तिथली थंडी थेट अंगाला लागते.

या भरणीविषयी मोठा गैरसमज आहे. ती ऊब निर्माण करत नाही, कारण आत झोपलेल्या प्राण्यालाच ऊब नसते. ती फक्त तापमानाचा बदल सावकाश करते. आठवडाभर बाहेर गोठणारी थंडी राहिली तर पेटीचा आतला भागही अखेर गोठतो. त्यामुळे पेटीतही प्रोब हवाच, आणि थंडीची लाट आली तर पेटी कुठे हलवायची हे आधीच ठरलेले असावे.

आतल्या पेटीत गवत किंवा पेंढा घालू नये. ओल लागली की त्यावर बुरशी धरते आणि तिचे बीजाणू कासवाच्या फुप्फुसात जातात. किंचित ओलसर माती व वाळू यांचे मिश्रण मला सर्वांत योग्य वाटते, कारण कासव त्यात स्वतःला गाडून घेते आणि त्याचे पाणीही कमी उडते. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, इतकीच ओल ठेवावी. रशियन कासवासाठी माती आणखी कोरडी असावी. मध्य आशियातल्या कोरड्या प्रदेशात ते खोल बिळे खणून राहते आणि वर्षाचा मोठा भाग जमिनीखालीच काढते, त्यामुळे सततचा दमटपणा त्याला सोसत नाही.

बाहेरच्या पेटीच्या भोकांवर धातूची बारीक जाळी ठोकावी. उंदीर झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात, आणि कासव ते थांबवू शकत नाही. बागेतच माती उकरून झोपू देणाऱ्यांपुढे उंदरांचा धोका तर असतोच, शिवाय पाणी साचण्याचाही असतो.

जुनेपाने

थोडे विषयाच्या कडेचे, पण उपासाच्या मुद्द्याशी जोडलेले लिहितो. अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी आपल्या आत्याच्या बागेतील कासवाच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. आत्या गेल्यावर १७८० मध्ये ते कासव त्यांनी स्वतःकडे आणले. टिमथी हे त्याचे नाव. ती मादी होती हे पुढे कळले. व्हाइट यांनी १७७२ च्या एका पत्रात लिहिले आहे की हे कासव उन्हाळ्याच्या भरात अधाशासारखे खाते, ऋतू उतरू लागला की त्याची भूक उतरते, आणि शरदातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत ते जवळजवळ काहीच खात नाही. त्याच्यासाठी कोणी उपासाचे वेळापत्रक आखले नव्हते. पाचोळा यांना क्रूर वाटणारी गोष्ट कासव संधी मिळाल्यास आपणहून करते, याचा हा अडीचशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे. आपण घरात दिवा लावून त्याचा उन्हाळा लांबवतो, म्हणूनच आपल्याला अन्न हाताने थांबवावे लागते.

पाचोळा

हे वाचून मनातली अढी गेली. आणखी एक विचारतो. आमच्या न तापवलेल्या खोलीत पहाटे सहा अंश असतात, परंतु दुपारी ते बारा-चौदापर्यंत चढतात. अशा खोलीत पेटी ठेवली आणि कासव अधूनमधून खुडबुडले तर ते चालेल का?

कवचधारी

ती खोली झोपेसाठी वापरू नये. गोठणारी थंडी सर्वांच्या लक्षात येते, पण माझ्या अनुभवात त्याहून अधिक कासवे या अर्धवट थंडीने खंगतात. बारा-चौदा अंशांवर कासव एवढे जागे असते की त्याची शक्ती खर्च होते, आणि एवढे गार असते की त्याला खाता किंवा पचवता येत नाही. बाहेरून ते शांत दिसते. आत मात्र साठा संपत जातो, रोगप्रतिकारशक्ती मंदावलेलीच राहते, आणि वसंतात हाती येते ते हलके, डोळे मिटलेले कासव.

हिवाळ्यासाठी दोनच मार्ग आहेत. एकतर पाच अंशांवर स्थिर झोप, किंवा पूर्ण जाग. पूर्ण जाग म्हणजे रोज बारा-तेरा तास चांगला उजेड, दिव्याखाली तीस ते पस्तीस अंशांची उबदार जागा, अतिनील बी किरणांचा दिवा आणि नेहमीचे खाणे. बाहेर ढगाळ असले की कासवाला ऋतूचा अंदाज लागतो आणि ते मंद होते, म्हणून उजेडात काटकसर करू नये. तुमच्या पिल्लासाठी, फ्रिजची सोय होत नसेल तर, मी यंदा हा दुसरा मार्ग सुचवेन.

आणि एक पथ्य: झोपेतून पूर्ण जागे होऊन खाऊ लागलेले कासव त्याच हिवाळ्यात परत झोपवू नये. पोटात अन्न गेलेले असते, म्हणजे सगळा उपास पुन्हा करावा लागेल, आणि तेवढा साठा त्याच्याकडे उरलेला नसतो.

कोंभ

उठवण्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहिते. तयारी करताना या भागाचाही विचार हवा, कारण दिवा, टब आणि पशुवैद्यांची वेळ ही सर्व सोय उठवण्याच्या दिवशी हाताशी असावी लागते.

पेटी फ्रिजमधून काढून साध्या खोलीत काही तास ठेवावी. डोळे उघडले, पाय हलू लागले की कोमट पाण्याची आंघोळ घालावी. कासवे बहुधा या पहिल्या आंघोळीत मान खाली घालून दीर्घकाळ पाणी पितात. त्यानंतर उजळ दिव्याखाली सोडावे. खाण्याआधी पाणी पिणे आणि लघवी होणे महत्त्वाचे आहे, कारण झोपेत रक्तात साठलेला युरिया त्याशिवाय निघून जात नाही, आणि तो निघून गेल्याशिवाय भूक लागत नाही. पहिला आठवडा-दोन आठवडे आंघोळ रोज घालावी.

पुष्कळ कासवे दोन-तीन दिवसांतच खायला लागतात. पाणी पहिल्या दिवशी प्यायले नाही, किंवा आठवड्यात खाल्ले नाही, तर पशुवैद्यांकडे न्यावे. अन्न कोंबून भरवण्याचा प्रयत्न घरी करू नये; शरीर कोरडे असताना घातलेले अन्न त्रासच देते. झोपेतून उठलेल्या कासवाच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी असतात, त्यामुळे तोंडाचे व नाकाचे संसर्ग नेमके याच दिवसांत डोके वर काढतात. तोंड उघडून पाहण्याचा परिपाठ येथेही पाळावा.

काही ठिकाणी झोपेआधी व नंतर अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सरसकट देण्याची जुनी पद्धत अजून आढळते. पालेभाज्या आणि रानपाला खाणाऱ्या कासवाला त्याची गरज नसते. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

ओलावा

तातडीने विचारते आहे. आमचे ग्रीक कासव पेटीत आहे. वजन आत्तापर्यंत जवळजवळ स्थिर होते; आज ते मागच्या आठवड्यापेक्षा चाळीस ग्रॅमने कमी भरले. खालचा कागद ओला आहे. कासव हात लावल्यावर पाय आत घेते. ठरलेल्या मुदतीचे तीन आठवडे अजून बाकी आहेत. कोरडा कागद घालून परत ठेवू का?

तोलमाप

परत ठेवू नका. एका आठवड्यात एवढी घट आणि ओला कागद, म्हणजे त्याने लघवी केली आहे आणि पाण्याचा साठा गेला आहे. उरलेले तीन आठवडे ते कोरड्या शरीराने काढू शकणार नाही. आजच उठवा. कोंभ यांनी सांगितल्याप्रमाणे आधी काही तास साध्या खोलीत ठेवा, मग कोमट आंघोळ, मग दिवा. आंघोळीपूर्वीचे आणि नंतरचे वजन लिहून ठेवा. किती पाणी प्यायले ते त्यावरून कळेल.

कवचधारी

तोलमाप यांच्याशी पूर्ण सहमत. ठरलेल्या मुदतीचा विचार आता सोडून द्यावा. पेटीतला थर्मामीटर किमान-कमाल नोंदवणारा असेल तर कमाल आकडा पाहा. मधल्या काळात तापमान दहाच्या वर गेले असेल तर लघवीचे कारण तेच असण्याचा संभव आहे. ते आज पाणी प्यायले तर उद्या पुन्हा आंघोळ घाला. प्यायले नाही, तर उद्याच पशुवैद्यांकडे न्या आणि वजनाची सगळी नोंद सोबत घेऊन जा. वसंत येईपर्यंत त्याला दिव्याखाली जागेच ठेवावे लागेल.